सरांनी आवाज हळू केला

काचबिंदूने माझी नजर गेली, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पतपेढीतली नोकरी सुटली होती. दिवसभर धायरीच्या घरात खिडकीशी बसून मी खालच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकायचे. नवऱ्याने कुठून तरी चौकशी काढली आणि मला अंधांसाठी चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या वर्गात नेऊन बसवलं. कुणीतरी माझ्या कानांवर हेडफोन चढवला आणि एकदम एक भयंकर आवाज सुरू झाला. नाकात बोलणारा, मध्ये श्वास न घेणारा, मराठी शब्दांचे तुकडे पाडणारा. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"काय झालं?" शेजारून एका पुरुषाने विचारलं.

"हा काय आवाज आहे? माणसाचा तरी वाटतो का?"

"माणूस नाहीच तो. पण ताई, तो कंटाळत नाही. घरची माणसं कंटाळतात. दोन पानं वाचून दाखवली की त्यांना कामं आठवतात."

मला ते झोंबलं, कारण खरं होतं. त्याच सकाळी नवऱ्याने पेपर वाचून दाखवताना एक मोठी बातमी मधूनच गुंडाळली होती आणि ती गुंडाळल्याचं मला कळलं होतं. मी हेडफोन परत चढवला.

तो माणूस म्हणजे आमचे सर. तेही पूर्ण अंध आहेत हे मला तास संपता संपता कळलं, तेही त्यांनी आपली घडीची काठी उलगडल्याचा खटखट आवाज आला म्हणून. वयाने माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. त्यांचं घराणं पुण्यात कितीतरी पिढ्यांचं, गाद्या-रजयांच्या धंद्यातलं. पेठेत भावांचं दुकान होतं. सरांना लहानपणी फक्त रात्रीचं दिसायचं नाही, मग बाजूचं दिसेनासं झालं, आणि तिशीच्या आसपास समोरचंही गेलं. तोवर ते दुकानातच गाद्या शिवायला बसायचे. नजर अंधूक झाली तरी गादीचे टाके घालता येतात, असं ते सांगायचे. पुढे कॉम्प्युटर शिकले आणि मग आमच्यासारख्यांना शिकवू लागले.

पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, मी त्यांच्याकडे शिकले. त्यात माउस नसतो. सगळं कीबोर्डवर. एका बटणाने पुढच्या शीर्षकावर जायचं, दुसऱ्याने पुढच्या लिंकवर, तिसऱ्याने फॉर्ममधल्या पुढच्या रकान्यावर. जिथे जाल तिथे तो नाकातला आवाज सांगतो की इथे काय आहे. सुरुवातीला मी तो अगदी हळू लावायचे. सर म्हणायचे, "राहू द्या हळू. घाई कुणाला आहे. तुम्हालाच एक दिवस त्याचा कंटाळा येईल आणि तुम्ही वेग वाढवाल." तसंच झालं. महिन्याभरात मी वेग वाढवला, मग आणखी वाढवला.

सरांचा वेग मात्र वेगळाच होता. त्यांच्या हेडफोनमधून बाहेर झिरपणारा आवाज म्हणजे नुसती किर्रर्र. डोळस माणसांना तर ती भाषा आहे हेही कळायचं नाही. सर त्या किर्रर्रमध्ये पानंच्या पानं ऐकत आणि मध्येच थांबून म्हणत, "इथे 'करण्यात येते' दोनदा आलंय."

काही वर्षांनी सरांना टिळक रस्त्याजवळच्या एका लहानशा कंपनीत काम मिळालं, आणि त्यांनी शब्द टाकल्यामुळे मलाही. काम असं होतं: सरकारी साइट सगळ्यांना वापरता आल्या पाहिजेत असा नियम आहे, आणि त्या नियमासाठी लांबलचक मानकं ठरवून दिलेली आहेत. साइट त्या मानकांत बसते की नाही हे आम्ही तपासायचो. चित्र असेल तर ते कशाचं आहे हे शब्दांत लिहिलेलं हवं, म्हणजे स्क्रीन रीडर ते सांगू शकेल. फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्याला नाव हवं, नाहीतर तो नुसतं 'एडिट, रिकामं' म्हणतो आणि तिथे नाव लिहायचं की पिन कोड ते कळत नाही. पान मराठीत आहे हे आत कोडमध्येही लिहिलेलं हवं. तेवढं राहून गेलं तर कित्येकदा स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो, आणि ते जमत नाही म्हणून गप्प बसतो. समोर पानभर मजकूर आणि कानात शांतता. असली पानं आम्हाला खूप भेटली.

आमची कामाची खोली पहिल्या मजल्यावर होती, आणि पातळ भिंतीपलीकडे एका दंतवैद्याचा दवाखाना. दिवसभर त्यांचं ते दात कोरायचं यंत्र चालू असायचं. बारीक, उंच, डोक्यात जाणारा आवाज. सर वैतागायचे. "सगळं पुणं गोड खातं आणि त्याची शिक्षा आम्हाला," असं रोज एकदा तरी म्हणायचे. मी हसायचे.

एका खात्याच्या साइटवर आमचं बरेच दिवस काम चाललं. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी त्याच साइटवर अर्ज करावा लागायचा, म्हणून सरांनी ती फार मनावर घेतली होती. साइट बनवणाऱ्या कंपनीतला एक डेव्हलपर आमच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायचा. तरुण होता, चांगला होता, पण घाईत असायचा. आम्ही चित्रांबद्दल लिहून दिलं तर त्याने पुढच्या आठवड्यात सगळ्या चित्रांना 'चित्र' असं नाव देऊन टाकलं. स्वयंचलित तपासणीत साइट हिरवी आली.

"सर, टूलमध्ये आता झीरो एरर्स आहेत," तो म्हणाला.

"असतील," सर म्हणाले. "तुमच्या लग्नाच्या पत्रिकेत नवरदेवाच्या जागी नुसतं 'पुरुष' छापलं तर तेही चुकीचं नाहीच."

तो खराखुरा हसला. त्याने सगळी चित्रं परत केली, नीट वर्णनं लिहून.

सगळ्यात जास्त भांडण झालं ते कॅप्चावरून. अर्ज पाठवण्याआधी एक चित्र येतं, त्यात वाकडीतिकडी अक्षरं असतात, ती ओळखून टाइप केली की साइटची खात्री पटते की समोर यंत्र नाही, माणूस आहे. अंधाला ते चित्र दिसणार कसं? म्हणून मानकात लिहिलं आहे की दुसऱ्या इंद्रियाने घेता येईल असा पर्याय द्यावा. सर त्या मुद्द्यावर अडून बसले. पुन्हा पुन्हा लिहिलं, पुन्हा पुन्हा कॉल झाले, आणि शेवटी त्या चित्राशेजारी एक बटण आलं. ते दाबलं की एक आवाज आकडे बोलायचा. मी आणि सर दोघांनी ते चालवून पाहिलं. त्या दिवशी सरांनी खालच्या टपरीवरून सगळ्यांसाठी चहा मागवला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात कधीतरी सर रजेवर होते आणि मी त्यांच्या कॉम्प्युटरवर बसले. स्क्रीन रीडर सुरू केला आणि मला वाटलं, यावर दुसरं कुणीतरी काम करून गेलंय. वेग अगदी सावकाश होता. माझ्यापेक्षाही हळू. मी वेग वाढवून काम केलं आणि उठताना परत होता तसा करून ठेवला. पुढे एकदा बसले तेव्हा तो आणखी कमी झालेला होता. मराठीचा आवाजही बदललेला, जाडा, खालच्या पट्टीतला. मी स्वतःला समजावलं की सर एखाद्या नवशिक्याला शिकवत असतील.

आणि मग एक दुपार. पलीकडे ते यंत्र सुरू होतं, नेहमीसारखं, भिंत भेदून येणारं. सर फाइल बंद करत सहज म्हणाले, "डॉक्टर हल्ली दवाखान्यात येत नाहीत वाटतं. बरं शांत झालंय."

माझे हात कीबोर्डवर होते तसेच राहिले. यंत्र चालूच होतं. नंतर ते थांबलं, कुणीतरी चूळ भरल्याचा आवाज आला, आणि ते पुन्हा सुरू झालं.

थोड्याच दिवसांत त्या साइटच्या नव्या भागाचा आमचा अहवाल गेला आणि त्यावर कॉल झाला. सरांनी लिहिलं होतं की फॉर्ममधल्या काही रकान्यांना नावं नाहीत. डेव्हलपर म्हणाला, "सर, लेबल्स आहेत. मी आत्ता स्क्रीन रीडर रन करून दाखवू का?"

त्याने चालवला. नावं होती. 'शहर', 'इयत्ता', 'स्थिती', एकामागून एक स्वच्छ ऐकू आली. मला आली. खोलीत आमच्या कंपनीच्या मालकीणबाई होत्या, त्यांनाही आली.

सरांनी विचारलं, "पुन्हा लावता?"

त्याने पुन्हा लावला. सर टेबलावर पुढे झुकल्याचं त्यांच्या खुर्चीच्या आवाजावरून मला कळलं.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "ते मुद्दे काढून टाका."

"इट्स ओके सर, होतं असं," तो डेव्हलपर म्हणाला. अगदी हलक्या आवाजात म्हणाला, त्यामुळे तेही सरांना ऐकू गेलं नसावं.

संध्याकाळी आम्ही बसस्टॉपपर्यंत बरोबर चालत गेलो. माझा हात त्यांच्या कोपरावर होता. रस्त्यात विचारणं शक्य नव्हतं, वाहनांच्या आवाजात ओरडावं लागलं असतं. एका बँकेच्या पायऱ्यांशी जरा आडोसा मिळाला तिथे मी त्यांना थांबवलं.

"सर, कानांचं काय झालंय?"

त्यांनी मला पुन्हा विचारायला लावलं. मग म्हणाले, "मी दहा-बारा वर्षांचा असेन. डॉक्टरांनी अम्मीला सांगितलं होतं. म्हणाले, हा डोळ्यांचा आजार कधीकधी एकटा येत नाही, पुढे कानही जातात. कान सांभाळा म्हणाले. कान कसे सांभाळतात ते काही सांगितलं नाही."

"म्हणजे तुम्हाला सगळं आधीपासून माहीत होतं?"

"माहीत असून काय करणार होतो? कान होते तोवर ऐकलं. वर्षभर झालं, बारीक आवाज गेलेत. 'स' आणि 'श' तर कधीच गेले. आता 'च' आणि 'त' जायच्या बेतात आहेत." ते थोडे हसले. "माझ्या कानांपुरती मराठी सोपी होत चालली आहे."

त्यांची बस आली. कोणत्या नंबरची आहे हे त्यांनी एका माणसाला विचारलं, त्याने सांगितलेलं त्यांना कळलं नाही, म्हणून मी जोरात सांगितलं. ते चढले.

त्यांनी श्रवणयंत्रं घेतली. त्या यंत्रांमुळे माणसांचं बोलणं काही दिवस नीट ऐकू आलं, विशेषतः पुरुषांचं. पण स्क्रीन रीडरचा आवाज त्या यंत्रातून गेला की त्याचा लगदा व्हायचा, आणि वरून हेडफोन लावले की शिट्टी वाजायची. ज्या आवाजावर त्यांनी इतकी वर्षं काम केलं, तोच सगळ्यात आधी कळेनासा झाला.

मालकीणबाई भल्या होत्या. त्यांनी एका संस्थेकडून ब्रेल पट्टी मागवली. ती कीबोर्डच्या पुढे ठेवतात. पडद्यावरच्या ओळीतली अक्षरं तिच्यावर बारीक टाचण्यांच्या टोकांनी वर येतात, ती बोटांनी वाचायची, मग पुढची ओळ. स्क्रीन रीडर आवाजाऐवजी मजकूर त्या पट्टीकडे पाठवतो. मानकांतही लिहिलंय की मजकूर असा हवा, जो आवाजात किंवा ब्रेलमध्ये, ज्याला जसा हवा तसा घेता येईल. ते वाक्य आम्ही कितीतरी अहवालांत चिकटवलं होतं. ब्रेलने कुणी खरोखर वाचून पाहील असं मात्र आमच्या दोघांच्याही कधी मनात आलं नव्हतं.

सरांना ब्रेल येत होतं, पण मोठेपणी शिकलेलं, आणि कामापुरतंच. शाळेत असताना त्यांना दिसत होतं, त्यामुळे ते साध्या शाळेत शिकले. आणि दुसरी अडचण बोटांची. गादीची जाड सुई वर्षानुवर्षं ढकलून त्यांच्या बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. ते बारीक ठिपके त्यांना नीट लागायचेच नाहीत. एक अक्षर, मग थांबणं, मग परत मागे जाणं. भाभी, म्हणजे सरांच्या पत्नी, कोमट पाण्यात त्यांची बोटं भिजवून घासून द्यायच्या, तेल लावायच्या. सर ऑफिसात यायचे तेव्हा त्यांच्या हातांना खोबरेल तेलाचा वास असायचा. शेजारी बसून मला पट्टीवरच्या टाचण्यांची टिकटिक ऐकू यायची, आणि ती दोन ओळींमध्ये इतका वेळ थांबायची की मी माझं काम सोडून तिची वाट बघत बसायचे.

त्यांचं जुनं प्रमाणपत्र फक्त अंधत्वाचं होतं. आता दोन्ही लिहिलेलं नवं घ्यावं, म्हणजे स्वतःची ब्रेल पट्टी मिळवायला मदत होईल, असं मालकीणबाईंनी सुचवलं. सर त्याच साइटवर अर्ज भरायला बसले. दोन दिवस लागले, पण सगळा अर्ज त्यांनी स्वतः भरला, पट्टीवर बोटं फिरवत. साइट खरंच चांगली झाली होती. प्रत्येक रकान्याला नाव होतं, क्रम नीट होता, चुकलं तर कुठे चुकलं ते सांगत होती. शेवटी कॅप्चा आला.

चित्र होतं, ते दिसत नव्हतं. शेजारी बटण होतं. सरांनी ते दाबलं. आकडे बोलले गेले, मागे मुद्दाम घातलेली खरखर होती. सरांनी परत दाबलं. हेडफोन काढून श्रवणयंत्र लावलेला कान स्पीकरजवळ नेला, शिट्टी वाजली, पुन्हा दाबलं. प्रत्येक वेळी नवे आकडे. मी शेजारी बसून ऐकत होते. ते किती वेळा दाबतात हे मोजू नये म्हणून मी दुसरीकडे लक्ष द्यायचा प्रयत्न केला.

"बोलतोय का काही?" शेवटी त्यांनी विचारलं.

"बोलतोय."

"सांगा मग."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन एकेक आकडा सांगितला. त्यांनी टाइप केला. अर्ज गेला.

"झालं," ते म्हणाले. "समोर माणूस आहे याची साइटला खात्री पटली. आता मला नियमातली चूक दाखवा."

चूक नव्हती. दोन पर्याय हवेत असं मानक सांगत होतं, आणि दोन होते. सरांनी त्या दिवशी अहवालात एक सूचना लिहिली, स्वतः टाइप करून, की ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही त्याच्यासाठी तिसरा मार्ग द्यावा. ती मी पाठवली. डेव्हलपरचा मला फोन आला. म्हणाला, "ताई, स्टँडर्डप्रमाणे हे ऑलरेडी पास आहे. क्लाएंट म्हणतो एक्स्ट्रा काम नको. पण मी बघतो. सरांना सांगा, मी बघतो." सरांना मी ते सांगितलं तेव्हा ते फक्त "बघू दे" म्हणाले.

बऱ्याच महिन्यांनी त्या साइटवर कॅप्चाऐवजी एक साधा लिखित प्रश्न आला, पट्टीवरही वाचता येईल असा. तो तपासला मी. नीट चालत होता. पण तोवर शेजारची खुर्ची रिकामी झाली होती.

सरांनी काम सोडलं ते स्वतःहून. मालकीणबाई म्हणाल्या की आपण दुसरं काही काम काढू. सर म्हणाले, "माझं ऐकणं हीच इथली तपासणी होती. आता मी चुकीचं लिहीन आणि तुम्ही सगळे चांगली माणसं म्हणून गप्प बसाल. ते नको."

निघायच्या आधी त्यांनी एक गोष्ट केली. स्क्रीन रीडरमध्ये आवाज पूर्ण बंद करून फक्त ब्रेल चालू ठेवता येतं. घरी ती पट्टीच वापरायची होती, आवाज उगाच भाभींना त्रास देईल म्हणून त्यांनी लॅपटॉपवर ती बटणं दाबली. सॉफ्टवेअरने बंद होण्याआधी शेवटचं सांगितलं, "आवाज बंद." तोच नाकातला आवाज. सर वाट बघत होते.

"झाला का बंद?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या हातावर थोपटून हो सांगितलं.

आता मी महिन्या-दोन महिन्यांतून विश्रांतवाडीला त्यांच्याकडे जाते. सुरुवातीला कानाशी ओरडून काही शब्द पोचायचे. मग तेही थांबलं. मेसेज पाठवला की पट्टीवर वाचून ते उत्तर द्यायचे, एका ओळीचं, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. मध्ये पट्टी बिघडली. दुरुस्तीला बाहेर पाठवावी लागली आणि कितीतरी महिने आलीच नाही. त्या काळात बाहेरचं कुणाचंही काहीही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, फक्त भाभी तळहातावर बोटाने अक्षरं काढून सांगायच्या तेवढं. जेवण, औषध, कोण आलं, कोण गेलं. पट्टी परत आली तेव्हा सरांचा सराव सुटला होता. भाभी म्हणतात की ते पट्टीवर हात ठेवून बसतात, पण वाचतात की नाही कळत नाही.

गेल्या वेळी मी डाळिंबं घेऊन गेले होते. भाभींनी माझा हात धरून सरांच्या शेजारी बसवलं. त्यांनी माझी बोटं चाचपली आणि लगेच म्हणाले, "ताई. या." त्यांचं बोलणं आता सपाट झालंय, मध्येच मोठं होतं, मध्येच इतकं बारीक की भाभींना परत विचारावं लागतं.

मी त्यांच्या तळहातावर बोटाने लिहायला घेतलं. डाळिंबं आणलीत, असं सांगायचं होतं. 'डा' लिहिलं. मग 'ळ' काढला, त्यावर वेलांटी द्यायची होती.

"हे काय काढलंत? जिलबी?" सर म्हणाले.

भाभी हसल्या, मीही हसले. मी परत काढला, परत चुकला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला ळ आठवतच नव्हता. कीबोर्डवर तो कुठे आहे हे बोटांना पाठ आहे, पण हाताने मी किती वर्षांत अक्षर काढलं नव्हतं. पहिलं वेटोळं कुठल्या बाजूने सुरू होतं आणि दुसरं कुठे जाऊन मिळतं, काही केल्या डोळ्यांपुढे येईना.

सरांनी माझा हात उलटा केला, आणि माझ्या तळव्यावर सावकाश ळ काढला. एकदा, मग पुन्हा. त्यांची नजर माझ्याआधी कितीतरी वर्षं गेली होती. बोटाचं टोक अजून खरखरीत होतं. "हा असा," ते म्हणाले.

मग मी बाकीचं लिहिलं. ऑफिसचं थोडं सांगितलं. नवी मुलगी आली आहे, चांगली आहे, घाई करते. एवढं लिहायला खूप वेळ लागला. मध्येच त्यांनी "बास आता" म्हणून मूठ मिटली. त्यांनी मूठ मिटली की त्यांना काही सांगता येत नाही. भाभी म्हणाल्या, माझ्याशीही असंच करतात, कधीकधी अख्खी दुपार.

मी तशीच बसून राहिले. भाभी आत चहा टाकायला गेल्या. बाहेर आळंदी रस्त्यावरची वाहनं ऐकू येत होती, शेजारी कुणीतरी मुलांना अंघोळीला हाका मारत होतं. थोड्या वेळाने सरांनी मोठ्याने विचारलं, "ताई गेल्या का?"

"नहीं, यहीं बैठी हैं," भाभींनी आतून सवयीने सांगितलं.

मी सरांच्या मुठीवर हात ठेवला.

"आहात होय," सर म्हणाले.

चहा झाला. परतीची बस गाठायची होती, कारण धायरीपर्यंत जायला बराच वेळ जातो. मी त्यांची मूठ हळूच उघडली आणि तळहातावर 'येते' लिहिलं. दोनच अक्षरं होती, लवकर झाली.

"या," ते म्हणाले. हात मात्र त्यांनी लगेच सोडला नाही.